‘नीतिमान ठरणे’ म्हणजे काय? : नियमशास्त्र, नीतिमत्त्व आणि विश्वास

सुरत शहराच्या दक्षिणेस पांडेसरा ही औद्योगिक वसाहत आहे. कापडाला रंग देणाऱ्या व त्यावर छपाई करणाऱ्या गिरण्या, त्यांच्या आजूबाजूस भाड्याच्या खोल्या, आणि त्या खोल्यांतून जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबे, असे या भागाचे स्वरूप आहे. ताप्ती खोऱ्यातील रेल्वेने उधना जंक्शनला उतरावे आणि नातेवाइकाच्या ओळखीने काम मिळवावे, ही खानदेशच्या माणसाची जुनी वाट होय. त्याच्या शेजारच्या खोलीत ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील कामगार राहतो, पलीकडे उत्तर प्रदेशचा किंवा बिहारचा. अशा वस्तीत घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत एकाच्या हाती मराठी पवित्र शास्त्र असते, दुसऱ्याच्या हाती हिंदी, तिसऱ्याच्या हाती गुजराती. तेथे रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय आळीपाळीने वाचावयास घेतला, तर एक अडचण लगेच पुढे येते. जे मराठीत ‘नीतिमत्त्व’ आहे, ते गुजरातीत ‘न्यायीपणुं’ आहे आणि हिंदीत ‘धार्मिकता’. मराठी व गुजराती वाचक ‘नियमशास्त्र’ म्हणतो, हिंदी वाचक ‘व्यवस्था’. ऐकणाऱ्याने प्रश्न करावा यात नवल नाही. देवाला आपल्याकडून काय हवे आहे? चांगले वर्तन, निःपक्षपाती न्याय, की धर्माचे आचरण?

हा प्रश्न भाषांतराचा म्हणून बाजूला सारता येणार नाही. प्रचारकाच्या शिकवणीचा अर्धा भाग त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

या शहराचा भाषांतराशी जुना संबंध आहे, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर व फायव्ही हे १८१५ साली सुरतेस आले. त्यांनी केलेला गुजराती नवा करार १८२१ मध्ये आणि संपूर्ण शास्त्र १८२३ पर्यंत याच शहरात छापून निघाले. मुंबईस अमेरिकन मिशनने मराठी नवा करार १८२६ मध्ये व संपूर्ण पवित्र शास्त्र १८४७ मध्ये प्रसिद्ध केले. या भाषांतरकारांपुढे कोरा शब्द नव्हताच. ‘धर्म’ म्हणावे तर त्याला वर्णाश्रमाचा वास, ‘पुण्य’ म्हणावे तर त्याला साठवणुकीचा, ‘शुद्धी’ म्हणावे तर सोवळ्याचा. म्हणून कोणी नीतीकडे वळले, कोणी न्यायाकडे, तर कोणी धोका पत्करून धर्माकडेच. तिन्ही शब्दांत मूळ अर्थाचा काही अंश आहे. एकट्याने पुरा अर्थ कोणीच देत नाही. चांगल्या भाषांतरालाही भाष्याची गरज असतेच, आणि ते भाष्य करणे हेच तर आपले काम.

मूळ इब्री शब्द ‘त्सेदाका’. त्याच्या अर्थाची चाचणी घ्यावयाची तर उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायाइतके उपयोगी स्थळ दुसरे नाही. मात्र हा अध्याय उपासनेत वाचावयास आपण सहसा धजत नाही. यहूदाची सून तामार विधवा झाली. वंशाच्या रूढीप्रमाणे तिला धाकटा दीर शेला द्यावयास हवा होता. यहूदाने तिला माहेरी पाठवून दिले व गोष्ट विसरून गेला. मग तिने वेश्येचा वेष घेऊन सासऱ्यालाच गाठले. पुढे ती गर्भवती असल्याचे कळताच तिला जाळण्याची आज्ञा यहूदाने दिली, आणि त्याची स्वतःची मुद्रा व काठी तिने पुढे ठेवताच त्याने कबूल केले की ही माझ्याहून नीतिमान आहे. आपल्या नित्याच्या अर्थाने येथे नीती कोठे आहे? तामारेचे कृत्य कोणत्याही नीतिपाठात बसणारे नव्हे. तरी शास्त्र तिला हा शब्द लावते, कारण त्या कुटुंबात परस्परांशी जे नाते होते, त्या नात्याचे देणे तिने सोडले नाही; यहूदाने सोडले. म्हणजे त्सेदाका हा नात्याचा शब्द आहे. करारातील दोन पक्षांनी एकमेकांशी इमान राखणे, हा त्याचा गाभा होय. देवाचे नीतिमत्त्व म्हणजे देवाने आपल्या कराराशी राखलेले इमान. म्हणूनच स्तोत्रांत व यशयाच्या उत्तरार्धात ‘नीतिमत्त्व’ आणि ‘तारण’ हे शब्द जोडीने येतात. केवळ नीतीच्या कल्पनेतून ही जोडी उलगडणार नाही.

याच शब्दाला न्यायालयाची दुसरी बाजू आहे. अनुवाद २५:१ मध्ये वादी-प्रतिवादी न्यायाधीशापुढे येतात, आणि न्यायाधीशाने निर्दोषी माणसास नीतिमान ठरवावे असे सांगितले आहे. पौलाने वापरलेले ग्रीक क्रियापद याच परंपरेतील आहे. आणि येथे आपल्या भाषांतरकारांचे ऋण मान्य केले पाहिजे. नाम निवडताना तिन्ही भाषांच्या वाटा फुटल्या, पण क्रियापदाला त्या पुन्हा एकत्र आल्या: मराठीत मनुष्य नीतिमान ‘ठरतो’, गुजरातीत न्यायी ‘ठरे छे’, हिंदीत धर्मी ‘ठहरता है’. लग्न ठरते, भाव ठरतो, खटल्यात माणूस निर्दोष ठरतो. या प्रत्येक ठिकाणी ठरविणारा दुसरा कोणी असतो. पांडेसऱ्यातील त्या सभेत तीन पुस्तके उघडून बसलेल्या मंडळीस प्रचारकाने प्रथम हे क्रियापद दाखवावे. नीतिमान ‘होणे’ आणि नीतिमान ‘ठरणे’ यांतील अंतर त्यांना व्याकरणाशिवायही कळेल.

आता नियमशास्त्राकडे वळू. या विषयावरील आपल्या पुष्कळ उपदेशांत एक ठरलेले चित्र असते: यहूदी लोक नियम पाळून स्वर्ग कमावू पाहत होते, देव हिशेबनीस होता, आणि ख्रिस्ताने येऊन तो हिशेब फाडून टाकला. हे चित्र सोयीचे आहे, पण खरे नाही. ‘तोरा’ या शब्दाचा मूळ अर्थ शिकवण, दिशादर्शन. सीनायवरील दहा आज्ञा ऐकविण्यापूर्वी देव सांगतो की मी तुला मिसरच्या दास्यातून बाहेर आणले आहे (निर्गम २०:२). सुटका आधी, आज्ञा नंतर. आज्ञा पाळल्यामुळे इस्राएल देवाचा झाला नाही. तो देवाचा होता म्हणून त्याला आज्ञा मिळाल्या. ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पहिल्या शतकाच्या आसपासचे यहूदी वाङ्मय तपासून हेच दाखविले की त्या धर्मात कृपा, निवड व पश्चात्ताप यांना मध्यवर्ती स्थान होते. पौल स्वतः नियमशास्त्रास पवित्र म्हणतो (रोम ७:१२), आणि विश्वासाने आपण ते रद्द न करता प्रस्थापित करतो असेही सांगतो (रोम ३:३१). शेजाऱ्याच्या धर्माचे विद्रूप चित्र काढून त्याच्या पार्श्वभूमीवर सुवार्ता उजळ करावी, ही सवय आपण सोडावयास हवी; यहूदी धर्माविषयी तर हवीच, इतरांविषयीही.

मग पौलाचा विरोध नेमका कशाला आहे? ‘नियमशास्त्रातील कर्मे’ किंवा ‘कृत्ये’ या शब्दांनी तो काय सुचवितो? मराठी कानाला ‘कर्म’ हा शब्द लागलीच कर्मफलाच्या सिद्धांताकडे नेतो, आणि काही प्रचारक कर्ममार्ग विरुद्ध भक्तिमार्ग अशा जुन्या चौकटीत गलतीकरांस पत्र बसवून मोकळे होतात. ही चौकट पौलाची नव्हे. मृत समुद्राकाठी कुम्रान येथे सापडलेल्या आणि १९९४ साली अधिकृतपणे प्रसिद्ध झालेल्या एका पत्रात ‘नियमशास्त्रातील काही कृत्ये’ याच अर्थाचा इब्री शब्दप्रयोग येतो. तेथे विषय आहे शुद्धाशुद्धीचा, अर्पणांचा, कोणी कोणापासून वेगळे राहावयाचे याचा. जेम्स डन यांनी १९८३ पासून असा पक्ष मांडला की पौलाच्या मनातही मुख्यतः सुंता, अन्नाचे नियम व शब्बाथ हेच होते. यहूदी कोण व परका कोण हे दाखविणारी ती कुंपणे होती. मला हा पक्ष पुष्कळसा मान्य आहे, पण पुरता नाही. रोम ४:४-५ मध्ये पौल मजुरीचे उदाहरण घेतो: काम करणाऱ्याची मजुरी हे देणे असते, ती कोणी कृपा म्हणून देत नाही. येथे प्रश्न कुंपणाच्या पलीकडे गेला आहे. देवापुढे कोणी हक्काने हात पुढे करू शकतो काय, हा तो प्रश्न आहे. तेव्हा दोन्ही अर्थ धरावे लागतात. आणि अनुभव असा की जो मनुष्य आपल्या आचरणाची देवाकडून मजुरी मागतो, तोच इतरांसाठी कुंपणही घालतो.

मजुरीचा दाखला पांडेसऱ्यात फार समजावून सांगावा लागत नाही. ज्याला बारा-बारा तासांच्या पाळीत उभे राहावे लागते, त्याला हजेरी म्हणजे काय व खाडा म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको. खाडा झाला की तेवढे पैसे कापले जातात. पगार ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हे त्याला पक्के ठाऊक आहे, आणि ते योग्यच आहे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, हेही त्याला वाचून दाखवावे. धोका निराळाच आहे. गिरणीतील हजेरीवही तो नकळत देवाच्या हाती देतो. रविवारी पाळी लागली, उपासना चुकली, की देवाकडे खाडा पडला. मूल आजारी झाले तर तो कापलेला पगार. आणि दुःखाची गोष्ट ही की ही समजूत घालविण्याऐवजी आपल्यांपैकी काहीजण ती दृढ करतात, कारण त्यामुळे उपस्थिती वाढते.

गलतीकरांस पत्रातील वादाचे मूळ पाहिले तर तो वाद एका पंगतीवरून उद्भवलेला दिसतो (२:११-१४). अंत्युखिया येथे पेत्र परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवत असे. याकोबाकडील काही लोक येताच तो मागे सरला व वेगळा बसू लागला, आणि बर्णबाही त्याच्यामागे ओढला गेला. पेत्राने तत्त्व कोणतेही बदलले नव्हते. त्याने फक्त पान बदलले. पौलाने मात्र त्यात सुवार्तेचाच प्रश्न पाहिला, आणि विश्वासाने नीतिमान ठरण्याविषयीचे त्याचे प्रसिद्ध विधान याच प्रसंगाला जोडून येते. सहभोजनाचा व तारणाचा संबंध काय, असे युरोपातल्या वाचकास कदाचित वाटेल. महाराष्ट्रातल्या वाचकास तसे वाटावयाचे कारण नाही.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. तो अज्ञान असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. श्रीपताने बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. तरीही त्याला जातीत परत घेता येईल काय, यावर मुंबईच्या ब्राह्मणवर्गात मोठा वाद माजला, कारण त्याने ख्रिस्ती लोकांत राहून खाणेपिणे केले होते. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे असा पक्ष घेतला व त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. त्या मुलाचा विश्वास काय होता हे विचारण्याची वेळच आली नाही. त्याने कोणाबरोबर अन्न घेतले, एवढ्यावर सारे अडले होते. जांभेकरांच्या धैर्याला ख्रिस्ती वाचकानेही मान दिला पाहिजे. ते कुंपण मोडू शकले नाहीत, पण त्याला दार पाडू पाहत होते. थोरला भाऊ नारायण पुढे पाळक झाला आणि जालन्याजवळ बेथेल येथे त्याने मांग समाजातील लोकांत मंडळी उभी केली. विश्वासाने नीतिमान ठरणे या शिकवणीचे मराठी भाषेतील पहिल्या भाष्यांपैकी एक ते गाव आहे, असे मी म्हणेन.

लक्ष्मीबाई टिळकांची हकीकत आपणा सर्वांस परिचित आहे, परंतु या दृष्टीने ती क्वचितच वाचली जाते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. त्यानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे पुन्हा जवळ येऊन राहू लागल्या तरी स्वयंपाक व पाणी यांचे सोवळे त्यांनी सोडले नाही. ‘स्मृतिचित्रे’त त्या सांगतात की पुढे एकदा जातिभेद देवाने केला की माणसांनी, या विचारात त्या पडल्या, प्राण्यांच्या जाती अंगावरूनच वेगळ्या दिसतात, माणसांत तसे काही दिसत नाही, तेव्हा हा भेद देवाचा नव्हे असा त्यांनी निकाल केला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. अंत्युखियाच्या पंगतीचा प्रश्न त्यांनी मंडळीत येण्यापूर्वीच सोडविला होता. पेत्राला जे मंडळीत राहून जमले नाही, ते त्यांनी बाहेर असताना केले.

याच्या जोडीला पंडिता रमाबाईंचे उदाहरण ठेवले पाहिजे, कारण ते उलट दिशेचे आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. त्यानंतरही त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. अंडे घातलेला पदार्थही त्या घेत नसत. त्यांच्या आत्मिक माता सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला. रमाबाईंनी पत्रांतून उत्तर दिले, त्याचा आशय असा की आपल्या लोकांच्या ज्या चालीरीती पाप नाहीत, त्या सोडावयास ख्रिस्त मला सांगत नाही. बहुतेक मराठी ख्रिस्ती वाचक येथे रमाबाईंच्या बाजूने उभे राहतील, आणि ते बरोबर आहे. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात एकजण सर्व काही खातो व दुसरा केवळ भाजीपाला खातो. पौल दोघांनाही सांगतो की एकाने दुसऱ्यास तुच्छ लेखू नये. लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले तेव्हा त्या कुंपण मोडत होत्या; रमाबाईंनी शाकाहार राखला तेव्हा त्या नवे कुंपण घालू पाहणाऱ्यांना अडवीत होत्या. बाहेरून पाहता एकीने नियम टाकला, दुसरीने पाळला. विश्वासाने दिलेली मोकळीक दोघींचीही. मांस न खाणे हा जसा तारणाचा नियम होऊ शकत नाही, तसाच मांस खाणे हाही नाही, हे आपल्या काही मंडळ्यांस अजून पटलेले दिसत नाही.

रमाबाईंनी आपल्या साक्षीत आणखी एक गोष्ट सांगितली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त लाभला नव्हता, असा तिचा भावार्थ आहे. ज्या विदुषीने पुढे सबंध पवित्र शास्त्राचे इब्री व ग्रीक भाषांतून मराठी भाषांतर केले, तिने हे लिहावे. तेव्हा ‘विश्वास’ या शब्दाकडेही एकदा नीट पाहिले पाहिजे.

आपल्या काही मंडळ्यांत ‘विश्वास’ म्हणतात, काहींत ‘श्रद्धा’. दोन्ही शब्दांना बुद्धीने एखादे मत मान्य करण्याचा अर्थ सहज चिकटतो. इब्री ‘एमूना’ या शब्दाचा अर्थ मात्र प्रथम स्थिरपणा असा आहे. अमालेकाशी लढाई चालू असता मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवले, आणि सूर्य मावळेपर्यंत हात स्थिर राहिले (निर्गम १७:१२). तेथे हाच शब्द आहे. मोशेचे हात त्याच्या स्वतःच्या बळावर स्थिर राहिले नव्हते, हे प्रचारकाने आवर्जून सांगावे. हबक्कूक २:४ या ज्या वचनावर पौल आपले सारे विवेचन उभारतो, तेथेही एमूना आहे. इब्री पाठात ती नीतिमान माणसाची आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात सर्वनाम बदलून ती देवाची झाली आहे. आणि पौलाने सर्वनामच गाळले. त्याने हे हेतुपुरस्सर केले की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. रोम ३:२२ व गलती २:१६ येथेही मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘ख्रिस्तावरील विश्वास’ असा होतो आणि ‘ख्रिस्ताचे विश्वासूपण’ असाही. रिचर्ड हेज यांनी १९८३ साली दुसऱ्या अर्थाची बाजू जोराने मांडली. आपल्या मराठी भाषांतराने पहिला अर्थ घेतला आहे व तो सोडण्याचे कारण नाही. परंतु उपदेशकाने दुसरा कानाआड करू नये.

असे म्हणण्याचे कारण पोथीतले नाही, मंडळीतले आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे म्हणणारे लोक आपल्यात आहेत. मूल दगावलेल्या आईला हे ऐकावे लागते. असे म्हणताना आपण नियमशास्त्रातील सर्व कृत्ये काढून टाकून त्यांच्या जागी एकच कृत्य बसविले, आणि तेही मोजता न येणारे. सुंता झाली की नाही हे तरी माणसाला ठाऊक असे. आपला विश्वास पुरेसा आहे की नाही हे कोणाला कळणार? अशा शिकवणीपेक्षा परूश्यांचे नियमशास्त्र दयाळू म्हणावे लागेल. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या लेखी नीतिमत्त्व असा गणला गेला (उत्पत्ती १५:६), परंतु पुढच्याच अध्यायात तो हागारेकडे वळतो, आणि सतराव्या अध्यायात देवाच्या वचनाला हसतो. त्याच्या विश्वासाचे वजन देवाने केले असते तर ते भरले नसते. पौलाचे बोट वेगळ्या गोष्टीकडे आहे: गणले गेले ते पंधराव्या अध्यायात, सुंता झाली ती सतराव्यात (रोम ४:१०), आणि नियमशास्त्र तर त्यानंतर चारशे तीस वर्षांनी आले (गलती ३:१७).

याकोबाच्या पत्राचा प्रश्न येथे निघणारच. तोही उत्पत्ती १५:६ घेतो आणि मनुष्य केवळ विश्वासाने नीतिमान ठरत नाही असे सांगतो (२:२४). लूथरला हे पत्र गवताच्या काडीसारखे वाटले. याकोब ज्याला विश्वास म्हणतो, तसा तो भुतांजवळही आहे (२:१९), म्हणजे तो निव्वळ मान्यतेविषयी बोलत आहे. आणि त्याची कृत्ये सुंता व अन्न यांची नसून उघड्यावाघड्या भावाला वस्त्र देण्याची आहेत. पौलाच्या भाषेत हाच प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास (गलती ५:६). दोघांत ताण नाही असे मी म्हणत नाही. पण दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी याकोबानेही एक बैठकच रंगविली आहे: सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा व गरिबाला पायापाशी. बसण्याच्या जागेवरून विश्वास पारखावा, यात पौलाचे व त्याचे एकमत आहे.

पश्चिमेकडील मंडळीत या विषयावरून फूट पडली, तिचा इतिहास येथे थोडक्यात पुरे. आगस्तीनाने ४१२ च्या सुमारास लिहिले की देवाचे नीतिमत्त्व म्हणजे ज्याने तो पाप्याला नीतिमान करतो ते. लूथरने ‘ठरविण्या’वर भर दिला, त्रेंत येथील धर्मपरिषदेने जानेवारी १५४७ मध्ये ‘करण्या’चा आग्रह धरला. दोन्ही पक्षांनी एकमेकांस शापित म्हटले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक मंडळी व लूथरन जागतिक संघ यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, आणि मूळ सत्यांविषयी एकमत असून ते शाप आजच्या शिकवणीस लागू नाहीत असे जाहीर केले. २००६ मध्ये मेथडिस्ट व २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्या त्यात सामील झाल्या. आपल्याकडे कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया व स्वतंत्र मंडळ्या यांचे प्रचारक एकाच चाळीत फिरतात आणि या प्रश्नावरून अद्याप एकमेकांची माणसे ओढतात, त्यांनी ती घोषणा अवश्य वाचावी.

राहिला आपल्या नव्या नियमशास्त्राचा प्रश्न. दागिने घालू नयेत, मेळ्यात जाऊ नये, नातेवाइकाच्या लग्नात जेवू नये, दशांश चुकवू नये, दारू पिऊ नये. यांतील काही गोष्टी हिताच्या आहेत, काही निरर्थक, काही क्रूर. दारूविषयी तर एवढेच म्हणता येईल की गुजरात राज्यात दारूबंदी सर्वांनाच लागू आहे. तेव्हा तिला ख्रिस्ती विश्वासाची खूण मानणे पांडेसऱ्यात तरी कठीण आहे. दारू सोडलेल्या माणसाच्या घरात शांतता येते, हे खरे व आनंदाचे. ती शांतता विश्वासाचे फळ म्हणून स्वीकारावी. तिला प्रवेशपत्र केले की जो अजून सुटलेला नाही तो प्रार्थनेच्या खोलीपाशी येऊन परत जातो, आणि ज्याला तिची सर्वांत अधिक गरज तोच बाहेर राहतो. रविवारच्या पाळीचा प्रश्न त्याहून सोपा आहे. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, असे प्रभूने सांगितले. तेव्हा बुधवारी रात्री सुटणाऱ्या कामगारांसाठी बुधवारी रात्री प्रभुभोजन देण्यास कोणती हरकत आहे, हे मला तरी समजलेले नाही.

शेवटी बाप्तिस्म्याच्या शिकवणीविषयी एक सूचना करतो. लूथरच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरावलीत प्रथम दहा आज्ञा येतात, नंतर विश्वासांगीकार. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीत त्याच आज्ञा शेवटच्या भागात, कृतज्ञतेच्या प्रकरणात आहेत. दोन्ही क्रमांना कारणे आहेत, आणि ज्यास दोन वर्षे शिकावयास सवड आहे त्याला कोठूनही आरंभ केला तरी चालेल. पांडेसऱ्यातील उमेदवार खोली बदलतो, पाळी बदलतो, पेरणीला गावी जातो. त्याला चार-पाच वेळा भेटता आले तरी पुष्कळ. पहिल्या भेटीत त्याला आज्ञांची यादी दिली, तर बहुधा तेवढीच घेऊन तो जाईल. म्हणून पहिल्या दिवशी उत्पत्तीचा पंधरावा अध्याय वाचावा, दुसऱ्या दिवशी निर्गम विसाव्या अध्यायाचे फक्त दुसरे वचन, आणि आज्ञा तिसऱ्या भेटीस. मध्यंतरी त्याच्या खोलीवर जेवावयास बोलावणे आले तर नाकारू नये.